भिंतीलगतची पट्टी

पलीकडे फ्लॅट स्कीम झाली. चार मजले, वर टाकी.
माझ्या भिंतीलगतची तीन फुटांची पट्टी
तेव्हापासून सावलीत गेली.
आखीव पत्रिकेत प्लॉटची लांबी-रुंदी असते,
उन्हाचा रकाना नसतो.

गुलाब पहिल्याच वर्षी गेले.
शेवंती लुकडी झाली, मान वाकडी करून
रस्त्याकडे बघत राहिली, मग तीही.
हजार रुपयांचं लॉन आणून अंथरलं.
शेवाळ आलं छान.

मार्चमध्ये सहारे आला कूलरच्या ताट्या बदलायला.
जुन्या ताटीचा भुसा झाडत म्हणाला,
"बाई, जिथं ऊनच येत नाही
तिथं ऊन मागणारं झाड कायले लावता?"
पुढच्या खेपेला ब्रेडच्या पिशवीतून कंद आणले,
आल्यासारखे, बोटांना कापराचा वास ठेवणारे,
मुळांना लोंबणारे बारके गोळे.
"भुईचाफा. सासुरवाडीचा.
गाव धरणात गेलं, तवा सासूनं
भांड्यांच्या आधी हेच काढलं.
दोन बोटं खोल लावा अन् विसरून जा.
उकरून पाहू नका फक्त."

एकतीस वर्षं मेडिकलच्या लॅबमध्ये
मी काचेवर रक्त पसरून पाहिलं.
न पाहता विश्वास ठेवायचं काम
मला कोणी दिलंच नव्हतं.
एप्रिलमध्ये एक उकरलाच. चमच्यानं.
तो सडला.
बाकीच्यांनी त्या वर्षी नुसती पानं दिली,
वरून चितारलेली, खालून जांभळी,
पट्टीभर, माती दिसू नये इतकी,
आणि दिवाळीनंतर पिवळी पडून तीही गेली.

पाणी वेगळं घालावं लागत नाही.
कूलरचा पाइप तिकडेच सोडलाय,
सेहेचाळीस डिग्रीतही रात्रभर टपटप.
पाणी बोअरचं, खारं. पानांची टोकं करपतात.
चालायचंच.
जुलैत कूलर बंद, पाऊस चालू.
थंडीत दोन्ही बंद,
आणि कंदालाही तेव्हा कोरडंच हवं असतं.
हे कोणी जुळवलं नाही. जुळलं.

दुसऱ्या वर्षीचा मे. सकाळचे साडेसहा.
माझ्या खिडकीत कूलर, मला पट्टी दिसत नाही.
दुसऱ्या मजल्यावरून पिंपळशेंडेबाई ओरडल्या
(पार्किंगवरून आमचं बोलणं बंद होतं):
"ओ बाई, तुमच्या भिंतीपाशी कागद पडलेत.
आमच्या पोरानं नाही फेकले हं, आधीच सांगते."

झाडू घेऊन गेले.
पान नाही, दांडा नाही,
उघड्या मातीतून सरळ अकरा फुलं,
पांढरी, ओठ तेवढा जांभळा,
आतून कुणी हात वर करून ठेवल्यासारखी.
वाकले. गुडघा बोलला.
वास घ्यायला गाल मातीपर्यंत न्यावा लागला.
वर पाहिलं तर गॅलरीत त्या, शेजारी पोरगा,
तिसऱ्या मजल्यावर दात घासणारं कुणी,
सगळे खाली बघत.
ज्यांच्या भिंतीनं ऊन नेलं
त्यांनाच ही फुलं नीट दिसत होती.
मला याचा राग यायला हवा होता.

"फुलं आहेत," मी म्हटलं.
"पानांशिवाय?"
"पानं मागून येतात."
"बरं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या नाहीत.
संध्याकाळपर्यंत मिटली. दुसऱ्या दिवशी नऊ.

आता जानेवारी.
पट्टी रिकामी, चार विटांनी आखलेली.
स्कीमचा रंगारी शिडी टेकवायला आला.
"इथं खाली काही नाही ना बाई?"
मी तोंड उघडायच्या आत वरून पोरगा:
"आहे ना! पाय नको ठेवू!"
रंगाऱ्यानं मातीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
शिडी उचलली.
पोरगा मात्र तिथून हलला नाही,
कठड्यावर पोट टेकून पहारा देत राहिला,
एकेक संत्र्याची फोड खात
आणि बिया
नेमक्या माझ्या पट्टीत थुंकत.